माळढोकाचं कुलूप

१९ जुलै, शनिवार

बघितली! ह्याच डोळ्यांनी बघितली. अक्षर वाकडं यायलंय — येऊ दे.

सकाळी म्हाळू धनगराच्या शेळ्यांना लस टोचायला निघाले व्हते. पशुसखी झाल्यापासून पायाला माळाची सवयच झालीय. वाट वाचवायला आमच्या पडीक माळातून गेले, अन् गवतातून एक मान वर आली. लांब, पांढरट मान, डोक्याला काळी टोपी. शेळीएवढी उंच! मी थांबले, ती बी थांबली. घाबरली न्हाई, पळाली न्हाई. पाय मोजून टाकत बाजूला झाली अन् तिथून माझ्याकडं बघत राहिली. चार पावलांवर उघड्या मातीत अंडं. एकच! हिरवट, वर तपकिरी ठिपके. खाली काटकी न्हाई, वर झुडूप न्हाई.

माळढोक. माझं माहेर करमाळ्याकडचं, तिकडं ह्याच पाखरासाठी अभयारण्य झालं. शाळेच्या भिंतीवर त्याचं चित्र व्हतं. बाप त्या चित्राकडं बघून थुंकायचा — 'ह्याच्यापायी विहीर खांदता येईना, रान विकता येईना.' अठरा वर्षं तिकडं काढली, जिवंत माळढोक एकदा बी दिसला न्हाई. अन् दिसला कुठं, तर सासरी!

लांबूनच चार फोटो काढले, एक व्हिडिओ. मग पळत सुटले. लस राहिलीच.

२० जुलै

ही वही शेळ्यांच्या जंताच्या औषधाची. मागची पानं माझी. शेळीच्या जंताचं कोण वाचतंय!

फोन मात्र नावाला माझा, वापराला घरादाराचा. हे आपला असून बी घेतात, तानाजी भावजी घेतात, सासूबाई, आमच्या आत्या, त्यावर कीर्तन ऐकत्यात. बोट कसं फिरवायचं ते सगळ्या घराला पाठ. अन् माळ तर विकायचा हाय! पवनचक्कीवाली कंपनी मागतीय. धाकटे दीर, तानाजी भावजी, महिना झाला त्यांच्याच गाडीत फिरायलेत. माळढोकाचं बाहेर फुटलं की वनखातं येणार अन् सौदा मोडणार. भावजींना कळलं तर ते वनखात्याच्या आधी माळावर जातील. अंड्याला काय लागतं? एक टाच.

फोटो पुसायला घेतले. बोट खाली जाईना.

२१ जुलै

वनरक्षकाला फोन लावला. शेजारणीनं बघितलं म्हणून सांगितलं. हसले. 'ताई, कोणाची तरी टर्की सुटली असंल. फोटो असंल तर आणा, मग बघू.'

म्हणजे फोटो न्हाई तर पाखरू न्हाई! अन् फोटो दाखवला तर सासरचं रान अडकतंय. बाप चित्रावर थुंकायचा, हे लोक माझ्यावर थुंकतील. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. निदान पिल्लू निघूस्तोवर तरी झाकून ठेवावं. मग बघू काय करायचं ते.

२२ जुलै, मंगळवार

कड्याला, बाजाराच्या गावी गेलते, प्रियदर्शनीच्या दुकानात. मोबाईल दुरुस्तीचं दुकान तिचं. पोरगी कंप्युटरचं शिकून आली अन् इथंच बसली. जिभेला हाड न्हाई, पण हात सोन्याचा. तिला पाखराचं सांगितलं न्हाई. फोनात एक ठेवायचंय, घरच्यांना दिसू द्यायचं न्हाई, एवढंच म्हणलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला लाजच वाटली!

'नुसतं लॉक काय कामाचं ताई? तुमचे भावजी वहिनींचा — म्हणजे त्यांच्या बायकोचा — फोन आणलेते, ते लॉक मी चहा येऊस्तोवर काढलं. अन् फोटोच्या पोटात जागा बी लिहिलेली असती. कुठं काढला, पावलापर्यंत.'

फोटो ज्याच्या हाती, त्याला अंड्यापर्यंत वाट!

मग तिनं दाखवलं. सेटिंगात, सुरक्षेत, पार खाली. फोन एन्क्रिप्ट करा. म्हणलं, काय करतं हे? म्हणाली, आतलं सगळं दळून पीठ करतं. फोटो, नंबर, आवाज, सगळ्याचं पीठ. किल्ली आपल्याकडं असली की पिठाची परत ज्वारी. दाणा न् दाणा, जिथल्या तिथं.

जातं उलटं फिरवून? मी तर तोंडाला पदर लावून बघतच राहिले.

'अन् किल्ल्या किती असतील म्हणता? कारखान्याच्या गोदामातली सगळी साखर दाणा दाणा मोजा. असे कारखाने सगळ्या दुनियेत बांधा, तेबी मोजा. तरी त्या आकड्याच्या पायरीला लागत न्हाई. त्यातली एकच तुमची. मात्र पासवर्ड दांडगा पाहिजे, नावगाव टाकाल तर मार खाल.'

विसरले तर? 'तर मी न्हाई, कंपनी न्हाई, कोणीच उघडत न्हाई. अन् नीट ऐका, ह्या जुन्या फोनाला एकदा घातलं की नुसतं कुलूप निघत न्हाई. काढायचं तर सगळं पुसायचं.'

येताना गाडीत फोन मांडीवर धरून बसले. काच तडकलेली, पाठीला रबर लावलेलं. हे डबडं कलेक्टरला उघडणार न्हाई, आमदाराला उघडणार न्हाई. किल्ली कोणाकडं? दहावी पास शिवकन्याकडं! माझ्या नावावर आजपर्यंत एक शेळी बी न्हाई.

२४ जुलै

घालू का नको. भाकरी दोन करपल्या.

२५ जुलै, शुक्रवार

घातलं!

सगळे खुरपायला गेले, मी डोकं दुखतंय म्हणून राहिले. चार्जिंग भरलेलं पाहिजे, वायर लावलेली पाहिजे, मधी बंद पडला तर सगळं गेलं. तिनं तीनदा बजावलेलं. पासवर्डाला मराठी अक्षरच घेईना. म्हणून आपलंच बोलणं इंग्रजी अक्षरात लिहिलं. चार शब्द. इथं लिहिणार न्हाई, वही, तुला बी न्हाई!

मग पडद्यावर नुसता आकडा. दोन टक्के. पाच. अकरा. मी पुढ्यात बसून. त्रेसष्टवर लाईट गेली! देवा खंडेराया! रबर लावलेली बॅटरी, तिच्यावर कसला भरवसा. पंखा थांबला, मी बी थांबले. चौसष्ट. पासष्ट. आकडा आपला चालला पुढं. माळावर ती बाई अंड्यावर बसलीय अन् इथं मी फोनावर. शंभर झाले तेव्हा मी रडत व्हते, अन् ते मला शंभर झाल्यावरच कळलं.

२६ जुलै

फोन बंद करून चालू केला — उघडंना!

एकदा, दोनदा, सातदा. डब्ल्यू टाकला व्हता का व्ही? ए एक का दोन? प्रियदर्शनी म्हणालेली तीस वेळा चुकलं की आपोआप सगळं पुसतंय. अकराव्याला थांबले. फोन पदराखाली घेऊन गोठ्यात जाऊन बसले. मग डोक्यात उजेड पडला! मी आता शाळेतलं शुद्ध मराठी लिहायलेय. बाईंनी शिकवलेलं, 'नाही'. त्या दिवशी घाईत तोंडातलं लिहिलं व्हतं, 'न्हाई'! तसं टाकलं अन् उघडला. फोटो जिथल्या तिथं. मान, काळी टोपी, अंड्यावरचा ठिपका न् ठिपका. पिठाची खरंच ज्वारी झाली!

दुनियेतली सगळी साखर एका बाजूला अन् माझी गावठी बोली एका बाजूला. शाळेत ह्याच बोलीपायी छड्या खाल्ल्यात मी.

२९ जुलै, नागपंचमी

आज जिमिनीला लोखंड लावायचं न्हाई, म्हणून माळ मोजणारे कंपनीचे मापवाले बी आले न्हाईत. गावात चार खुंट्या ठोकायला माणूस मिळाला न्हाई त्यांना. नागोबा पावला.

वारुळाला जाऊन आले, तशीच पुढं माळाच्या बांधापर्यंत. लांबूनच बघितलं. मातीच्या रंगात माती होऊन बसलेली. आधी दिसलीच न्हाई, अन् दिसली तर मग दुसरं काही दिसंना. वारा सुटलेला, वर घार फिरत व्हती. ती हलली न्हाई. एवढ्या मोठ्या उघड्या माळावर एकटी, एका अंड्यासाठी! मला हात जोडावेसे वाटले, जोडले. कोण बघतंय.

१ ऑगस्ट

फुटलं. पाखराचं न्हाई — कुलपाचं.

आत्यांना कीर्तन लावता येईना. त्या म्हणाल्या, 'माझ्या पेटीला बी कधी कुलूप नव्हतं बाई.' ह्यांनी फोन हातात घेतला, आपली ती बोट फिरवायची खूण शोधली, सापडंना. 'कावून लावलंस?' मी भाकरी वाढली. 'काय हाय त्यात?' मी कालवण वाढलं. 'कोण हाय त्यात?' मला आला राग. सोळा वर्षं झाली संसाराला! तोंडातून निघालं, 'हाय एक जण!'

हे ताट तसंच सोडून उठले.

२ ऑगस्ट

बोलत न्हाईत. मी बी न्हाई.

४ ऑगस्ट

भावजी फोन घेऊन कड्याला गेले. 'वहिनी, पाच मिनिटांचं काम हाय, तुमची अब्रू वेशीला टांगतो,' असं म्हणून गेले. मी दिवसभर उंबऱ्यात. शेळीला सुई टोचायला गेले अन् आपल्याच अंगठ्यात घातली.

दुपार कलल्यावर आले, तोंड एवढंसं. 'ती पोरगी म्हणती, उघडतच न्हाई. तिच्या बापाला बी उघडायचं न्हाई म्हणती. सगळं पुसून देऊ का, ते विचारून या म्हणली.' गाडीवाल्या साहेबाला बी दाखवला म्हणं, त्यानं बी हात टेकले.

देवाशप्पथ, मला हसू आलं. पवनचक्क्या उभ्या करणारे लोक! भावजी फोन उलटासुलटा करून बघायलेत, हापटायलेत, अन् ती बाई आत त्यांच्याच हातात बसलेली. त्यांना पत्ता न्हाई.

हे म्हणाले, 'पुसून टाका मग.' मी वायर ओढावी तसा फोन ओढून घेतला. पुसायचा न्हाई! हे माझ्याकडं बघत राहिले. तसं कधी बघितलं नव्हतं.

८ ऑगस्ट

'उद्या राखीला माहेरी जा. त्यो फोन घेऊन जा. उघडलास तर ये.' हे शांतपणानं म्हणाले. ओरडले असते तर मी बी ओरडले असते.

९ ऑगस्ट, शनिवार

गेले न्हाई. भावाला फोन करून ताप आलाय म्हणलं. अंडं सोडून कुठं जाऊ? बुधवारचा माप घ्यायचा वायदा हाय. आत्या जेवायला हाक मारतात, हे मारत न्हाईत. अंथरूण ओसरीवर नेलंय.

११ ऑगस्ट, सोमवार

सकाळी लशीची पेटी घेऊन बाहेर पडले. बांधावरून बघितलं. हाय. बसलीय. किती दिवस लागतात कोणाला ठाऊक! तिथंच दगडावर बसून फोन चालू केला. पासवर्डाचा चौकोन आला. चार शब्द ह्यांच्या म्होरं टाकले की माझं घर परत माझं. हे बघतील, त्यांना कळंल, जीव भांड्यात पडंल. पण मग? हे मनाचे लई चांगले, पण तोंडात तीळ भिजत न्हाई. भावजींपासून तर आजवर खोकला बी लपवला न्हाई. संध्याकाळपर्यंत भावजींना कळणार अन् उद्या ती टाच.

लई रडले. बोट चौकोनावर तसंच थांबलेलं. एक दळलेलं पीठ माझ्या हातात अन् म्होरं ती बसलेली. मला वाटलं, तिला काय कळंल माझ्या संसाराचं. मग वाटलं, मला तरी कुठं कळतंय तिचं. तरी बसलीय ना! दिवसाउजेडी, एकटी, कुलूप न्हाई, किल्ली न्हाई.

बंद केला फोन. न्हाई उघडणार. राहू दे मला वाईट.

१३ ऑगस्ट

मापवाले आले न्हाईत. ह्यांनीच त्यांना 'पोळा होऊ द्या, मग या' म्हणून सांगितलं म्हणं. भावजी तणतणत गेले. कावून सांगितलं, मला कळंना. विचारायची सोय न्हाई.

१४ ऑगस्ट

सकाळी हे चुलीपाशी येऊन बसले. दोन हप्त्यांत पहिल्यांदा. आपला फोन माझ्या म्होरं सरकवला. 'ह्याला बी तसलंच कुलूप घाल.'

म्हणलं, कावून?

आत्या अंगणात हायेत ना ते बघितलं, अन् तोंड माझ्या कानापाशी आणलं. 'सोमवारी तुझ्या मागं आलतो माळावर.' मग आणखी बारीक आवाजात, 'काल पिल्लू निघालं. फोटो काढलाय.'