व्यासपीठावरची पाचवी खुर्ची

बुधवार, पेण. संध्याकाळ.

आज रोह्याच्या कॉलेजात मिठागरांच्या बोलीवर चर्चासत्र झालं. विषय माझ्याच पीएच.डी.चा, पण मी तासिका तत्त्वावरची, म्हणून माझ्याकडे स्वागत आणि खुर्च्या. पाहुणे चार, मी चुकून पाच मांडल्या. मुख्य पाहुण्यांनी मी गोळा केलेले शब्द वाचून दाखवले, माझं नाव न घेता. राग आला का? आला असावा. मी पाणी देत राहिले.

ते शब्द मला सांगणाऱ्या धरमतरच्या आजीला मीच हौसेने नेलं होतं. परतताना एसटीत ती म्हणाली, "वरती एक खुर्ची मोकलीच व्हती गो. तू का नाय बसलीस?"

"पाहुण्यांची होती ती, आजी."

वर 'चुकून' लिहिलंय. पाहुणे चारच आहेत, हे मला कालच ठाऊक होतं.