ग्वांगझूला मागितलेली दुआ

बलद, जेद्दा
ऑक्टोबर २०१६

प्रिय शरफुन्निसा फुफू,
सलाम.

मी ग्वांगझूला नाही. चीनला मी कधी गेलोच नाही. मोबाइलच्या दुकानांत आता फक्त सौदी माणसंच ठेवायची असा नियम झाला आणि माझी नोकरी गेली. त्या दुपारी तुझा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी खोलीवर पडून होतो. "दुकानात नाहीस रे?" तू विचारलंस. तुला धूसर दिसतं, याचा मी फायदा घेतला. म्हणालो, "कंपनीने चीनला, ग्वांगझूला धाडलंय, माल घ्यायला."

"मग गाव कसं आहे, सांग की!"

मी फोनवरच नेटवरची माहिती वाचून सांगत गेलो: पर्ल नदी, अरबांची गलबतं लागायची ते जुनं बंदर, जहाजांना दिवा दाखवणारा मशिदीचा मिनार. "म्हणजे आपलं दाभोळच की मेल्या!" तू हसलीस. सांगताना मला मजा येत होती, याचीच जास्त लाज वाटते. त्या भरात बोललो, की तिथे पैगंबरांच्या सोबत्यांपैकी एका सहाबींची कबर आहे असं लोक मानतात.

तू लगेच म्हणालीस, "तिथे माझ्या डोळ्यासाठी दुआ माग. ऑपरेशनची भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, "मागितली." मक्का इथून तासाभरावर आहे, पण आता तिथे कुठल्या तोंडाने जाऊ?

तू ऑपरेशनला तयार झालीस. खरं कळलं तर पुन्हा नको म्हणशील, म्हणून हे पत्र धाडत नाही. की मी माझीच अब्रू राखतोय?

आज सकाळी तू म्हणालीस, "पट्टी सुटली की आधी तुझा चीनमधला फोटो बघणार. नीट हसून काढ."

तुझा,
मोहियुद्दीन