पाठमोरी फुलं

५ जुलै
ठरलं. गावच्या रानफुलांच्या कॅलेंडरचं मुखपृष्ठ यंदा माझं. दरवर्षी ते दातांचा डॉक्टर व्हर्जिल पटकावतो आणि मला वर्षभर त्याचं फूल बघत कॉफी प्यावी लागते. एका जॅकवर टायरचं दुकान उभं केलेल्या माणसाला फूल काय अवघड? ते तर जागचं हलतही नाही. नवा कॅमेरा आणला. लोरेटा म्हणाली, "आधी लेन्सवरचं झाकण काढ." बायकोचा पाठिंबा आहे.

९ जुलै, संध्याकाळ
वरच्या खडकांत 'डोंगरातला म्हातारा' नावाचं रानफूल फुललंय. वाटीएवढी पिवळीजर्द फुलं, उतारभर. मावळतीचं ऊन फोटोला उत्तम. शिवाय पहाटे उठावं लागत नाही. पण सगळ्यांची माझ्याकडे पाठ! सूर्यफुलासारखी दिसतात, म्हणजे सूर्याकडे वळणारच. अंधार पडेपर्यंत बसलो. वळली नाहीत. लाजत असावीत.

१२ जुलै
कॉफीच्या दुकानात व्हर्जिल आपणहून जवळ आला. "अरे हार्लन, ती फुलं दिवसभर पूर्वेकडेच तोंड करून असतात. सकाळी जा, लेका." इतका गोड? आयुष्यभर गिऱ्हाइकं ओळखलीत मी. म्हणजे संध्याकाळीच जायचं.

१३ जुलै
पाठ.

१४ जुलै
पाठ. शिवाय माझी मान धरली. लोरेटानं विचारलं, "आज तरी बोलली का तुझ्याशी?"

१७ जुलै
वळसा घालून पुढून काढले. मावळतीचं ऊन फुलांच्या पाठीवर, चेहरे काळेठिक्कर. परत फिरलो, दमलो, फुलांतच आडवा झालो. (फुलं तुडवू नका अशी पाटी आहे, पण ती टेक्सासहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी.) छान डोळा लागला. उठलो आणि सुचलं: पाठमोरी फुलं! दोन पावलं मागे सरलो, फोटो घेतला. अख्ख्या कोलोरॅडोत कुणी काढला नसेल. पाठवून दिला.

२ ऑगस्ट
वाचनालयातून ओडेगार्डबाईंचा फोन. समितीनं माझा फोटो एकमतानं निवडला! समितीतल्या व्हर्जिलनंसुद्धा हात वर केला म्हणे. मनाचा मोठा आहे, मान्य करतो. दुकानात सगळ्यांना डोनट वाटले.

२० ऑगस्ट
कॅलेंडर आलं. मुखपृष्ठ व्हर्जिलचं.
माझा फोटो पोस्टरवर आहे. डोंगरातल्या प्रत्येक पायवाटेच्या तोंडाशी लागणार. फोटोच्या मधोमध, पिवळ्या फुलांत, एका धिप्पाड देहाचा सपाट ठसा. तो मला आत्ता दिसला. वर मजकूर: 'हे झाड बारा-पंधरा वर्षं नुसत्या पानांवर काढतं, एकदाच फुलतं आणि मरतं. कृपया पायवाट सोडू नका.' खाली माझं नाव, ठळक. ठसा कुणाचा ते लिहिलेलं नाही, एवढी त्यांची माणुसकी.
ते बारा-पंधरा वर्षांचं मला खरंच माहीत नव्हतं.
एक पोस्टर लोरेटानं दुकानाच्या काचेवर चिकटवलं. दुपारी एक गिऱ्हाईक बराच वेळ निरखून म्हणालं, "इथं अस्वल लोळलेलं दिसतंय."
मी म्हटलं, असेल.
आतून लोरेटा म्हणाली, "घोरतंसुद्धा."