अंगठा दाबल्यावर कोण काय म्हणतं

शनिवार, भर दुपार
दुकानाची मागची खोली, रिकाम्या खोक्यांचा आडोसा

तीर्थरूप आत्यास,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा सध्या रजेवर असल्यामुळे सातच अंगांचा घातला आहे. आठवं अंग कामावर रुजू झालं की समक्ष येऊन पुरा करीन.) तुझी प्रकृती कशी आहे? नवी कवळी बसली का, की अजून पाण्याच्या भांड्यातच तिचा मुक्काम आहे? कानातलं यंत्र तू लावतेस की लेकीची बडबड सुरू झाली की हळूच काढून ठेवतेस, हे मी विचारत नाही, कारण मला ठाऊक आहे. मागच्या वेळी पाठवलेले बूट सैल होतात असं कळवलंस. आत्या, बूट सैल नाहीत, तू बारीक झाली आहेस. पुढच्या जोडाला आतून एक अस्तर जास्त लावीन. इकडे सर्व खुशाल. परवा कपाटाचं दार हिच्या बोटावर आपटलं, नख काळंनिळं झालं, पण ही 'असू दे' म्हणून पुन्हा कामाला लागली. अशी बायको मिळायला भाग्य लागतं असं तू आमच्या लग्नात म्हणाली होतीस, ते अगदी खरं.

पत्रास कारण की, शिरगणती. दहा वर्षांतून एकदा येते आणि दर खेपेला एखादा नवा प्रश्न घेऊन येते. मागच्या वेळी घराला खिडक्या किती ते विचारलं होतं. या वेळी सातवा प्रश्न आहे, 'आपले पूर्वज कुठले?' आणि खाली दोन ओळी. ज्याचे एका ओळीत मावणार नाहीत त्याने दुसरी वापरायची, आणि जो दोन लिहील तो दोन्हीकडे धरला जाणार. आता आपलं शहर तुला ठाऊकच आहे. कुणी जहाजानं आलेला, कुणी खिंडीतून, तर कुणाचा पणजोबा चार दिवसांचा पाहुणा म्हणून आला तो नव्वद वर्षं झाली, अजून निघतोच आहे. अशा ठिकाणी दोन ओळी मोकळ्या सोडल्यावर लोकांना जो चेव चढला तो विचारू नकोस. समोरच्या न्हाव्याने बारीक अक्षर काढून पाच पूर्वज बसवले आणि सहावा समासात. घड्याळजीच्या मुलाने 'माणूस' असं लिहिलं, ते गणतीबाईने मुकाट्याने 'इतर'मध्ये टाकलं. गणतीबाई म्हणजे खांद्याला पिशवी आणि कानाला पेन्सिल लावलेली सरकारी बाई, बिचारी दारोदार फिरून पार दमली आहे. तिने मला सांगितलं की वॉर्डात माणसं आहेत चार हजार आणि पूर्वज भरले सात हजार एकशे तीस. (आणि यात मेलेले धरलेले नाहीत, असंही म्हणाली. तिला बसायला खुर्ची दिली.) मूळच्या लोकांच्या वाड्यातल्या म्हाताऱ्या बाईंना तिने 'तुम्ही कुठून आलात' विचारलं तर म्हणाल्या, 'स्वयंपाकघरातून.' आणि वर तिलाच विचारलं, 'तुम्ही सगळे आता राहणारच आहात ना? की अजून काही ठरलं नाही?'

इथवर सगळी मौज. आपलं दुखणं पुढेच आहे. नगरपालिकेच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आपल्या समाजाच्या मंडळाची खोली आहे, ती तू पाहिली आहेस. खिडकी एक, बाकं चार, पुस्तकांचं कपाट एक (किल्ली हरवल्यामुळे पुस्तकं सुस्थितीत) आणि आजोबांनी स्वतःच्या हाताने चामडं चढवलेली अध्यक्षांची खुर्ची, जिच्यावर गेली बारा वर्षं मी बसतो. तसं पाहिलं तर खोलीत काही नाही. पण मी दिवसभर दुकानात चार भाषांत 'चालून बघा, चालून बघा' करत असतो, आणि या सबंध शहरात ती एकच जागा अशी आहे की जिथे विनोद करण्याआधी मनात भाषांतर करावं लागत नाही. नगरपालिकेने आता नियम केला की ज्या समाजाची वॉर्डात शंभर डोकी भरतील त्याचीच खोली राहील. बाकीच्यांची शेजाऱ्याला. मी तीनदा मोजलं. आपण भरलो शहाण्णव.

शेजारी कोण, तर डोंगरापलीकडचे. ते चारशे आहेत आणि चारशेही गातात. त्यांचा म्होरक्या म्हणजे कोपऱ्यावरचा पाववाला, गायकवृंदाचा प्रमुखही तोच, आणि वृंदाला जागा पुरत नाही हे त्याचं जुनं रडगाणं. एका सकाळी मी खोली उघडली तर हा गृहस्थ टेप घेऊन आपली भिंत मोजतोय. 'काय पाववाले, आज इकडे?' म्हटलं. तर म्हणतो, 'काही नाही अध्यक्षमहाराज, सहज. भिंत छान आहे.' आत्या, माणूस भिंत छान आहे असं म्हणायला लागला की समजावं, ती पडणार.

म्हणजे चार माणसं कमी. तेव्हा मला माझा अंगठा आठवला. तुला माहीत आहे, मी शिकलो काही नाही. दहाव्या वर्षी आजोबांशेजारी बसून टाचा ठोकायला लागलो, आणि आज चौकातलं दुकान माझं आहे. ते कशाच्या जोरावर? गिऱ्हाईकाने नवा बूट घातला की मी खाली बसून पुढच्या टोकावर अंगठा दाबतो. सगळ्यांना वाटतं मी बोटाची जागा बघतो. बोटाची जागा तर बघतोच, पण कानही देतो. माणूस शिकून सवरून कुठलीही भाषा बोलो, पायातल्या कुरपावर अंगठा पडला की आजीचीच भाषा बाहेर येते. पंचावन्न वर्षांचा माझा अभ्यास आहे. बेटांवरचे लोक तोंडाने लांब श्वास आत ओढतात, पंक्चर झालेल्या सायकलीच्या उलटा आवाज. डोंगरापलीकडचे देवाचं नाव घेतात, तेही सुरात. मूळचे लोक माझ्या हातावर चापट मारतात. उत्तरेकडचे सगळ्यांत अवघड. ते त्यांच्या भाषेत 'असू दे' अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतात आणि तोच घट्ट जोड घेऊन जातात. आणि आपली माणसं म्हणतात, 'आई गं.' मग तो कितीही मोठा साहेब असो.

तर मी नेहमीपेक्षा जरा जोरात दाबायला लागलो. (मुद्दाम म्हणू नकोस. समाजकार्य म्हण.) पहिल्याच दिवशी टपालवाल्या बाई सापडल्या. अंगठा ठेवला आणि बाई स्वच्छ 'आई गं' म्हणाल्या. मी गुडघ्यावरच होतो, तसेच हात जोडले. त्यांना काही कळेना. म्हणाल्या, आमच्याकडे लागलं खुपलं की असंच म्हणतात, मला लहानपणी वाटायचं ते मलमाचं नाव आहे. आजीचं नाव गाव विचारलं तर आजी आपलीच निघाली. सत्त्याण्णव. दोन दिवसांनी अग्निशमन दलातला एक दांडगा गडी आला, पाय म्हणजे होडी. त्याला दोन्ही अंगठ्यांनी दाबावं लागलं, पण बोलला. अठ्ठ्याण्णव. मधल्या काळात गिऱ्हाईक थोडं घटलं आणि बँकेतल्या एका बाई लंगडत गेल्या, ते जाऊ दे. ही दारातून बघत होती. म्हणाली, 'अहो, माणसं बुटांसाठी येतात.' मी म्हटलं, तुला नाही कळायचं, समाजाचं काम आहे. तर म्हणाली, 'असू दे.'

गेल्या आठवड्यात शुक्रवारी पाववाला आला. गायकवृंदाच्या कार्यक्रमासाठी काळे बूट हवे होते, आणि शहरात काळे बूट नीट बसवणारा मीच, त्यामुळे त्याला भिंत गिळून यावं लागलं. मी बूट चढवला. खरं सांगतो आत्या, मनात काहीही नव्हतं, निव्वळ त्याच्यावरचा राग होता, म्हणून दाबला. आणि तो पाववाला, चारशे डोंगरवाल्यांचा म्होरक्या, भरल्या दुकानात म्हणाला, 'आई गं.'

मी वर बघितलं. तो छताकडे बघायला लागला. मी म्हटलं, काय म्हणालात? म्हणे, काही नाही, खोकलो. म्हटलं, पुन्हा खोकता का, दुसरा पाय आहे अजून. मग मात्र तो बाकावर बसला आणि मोजा हातात घेऊन हळूच म्हणाला की त्याच्या आईची आई आपल्यातली होती, घरात हा विषय निघत नसे, कारण तिला सुरात गाता येत नव्हतं. मी टाळी वाजवली असेन बहुतेक, कारण तो एक बूट पायात आणि एक हातात घेऊन तरातरा निघून गेला.

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी दिवसभर येईल त्याला सांगितलं. सोमवारी आपल्या खोलीत सभा होती, चाळीसेक माणसं जमली होती, मी खुर्चीवर. दार उघडून पाववाला आत आला, हातात दफ्तरखान्यातून काढलेली नक्कल. बंदरावर उतरलेल्यांच्या जुन्या नोंदवहीतलं एक पान, आजोबांचं, म्हणजे तुझ्या वडिलांचं. त्याने ते सुरात वाचलं, मेल्याला साधं वाचताच येत नाही. धंदा: चर्मकाम. मूळ गाव: डोंगरापलीकडे. रांग: दुसरी (म्हणजे आपल्या लोकांची). आणि खाली कारकुनाचा शेरा, 'सदर इसम चुकीच्या रांगेत उभा आहे. समज दिली असता, ही रांग लहान आहे व बसायला बाक आहे असे म्हणतो.'

आत्या, सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी ज्या खुर्चीवर बसलो होतो ती कुणी बनवली हे सगळ्यांना आठवलं. मग घड्याळजी म्हणाला, 'म्हणजे आता सत्त्याण्णव का?' आणि जो हशा उसळला, पाववालासुद्धा दाराला धरून हसायला लागला आणि मलाही आवरेना. बाकासाठी! सगळं आयुष्य मी ज्या रक्ताचा अभिमान बाळगला ते आजोबांचे पाय दुखत होते म्हणून मिळालं. हसून झाल्यावर सौदा ठरला. पाववाला दुसऱ्या ओळीत 'आपले' लिहिणार, मी दुसऱ्या ओळीत 'डोंगरापलीकडचे' लिहायचं आणि त्याच्या वृंदात खर्जात उभं राहायचं. काल पहिली तालीम झाली. माझा आवाज ऐकून त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, 'आईची आई अशीच गायची.'

तर असा सगळा आनंद आहे. तब्येतीला जप. कवळी लाव. लेकीला आशीर्वाद, जावयांना नमस्कार.

तुझाच,
दोन्ही रांगांतला भाचा

ता. क. आकडा नव्याण्णववर अडला आहे. गणतीबाईचा नियम असा की गुरुवारी सकाळी जो ज्या घरात सापडेल तो त्या वॉर्डात धरला जाईल. तू बुधवारच्या गाडीने निघालीस तर गुरुवारच्या चहाला इथे सापडशील. खोली तुझ्या शंभराव्या डोक्यावर उभी आहे. जिना मी दोन माणसं लावून चढवून घेईन. गणतीबाईसमोर बाकाची गोष्ट मात्र काढू नकोस, तशी सगळ्यांना माहीत आहे, पण तू कुठलीही गोष्ट फार रंगवून सांगतेस.

ता. क. २. एकच विचारायचं राहिलं. आजोबांच्या अंगठ्यावर हातोडी दिवसातून दोनदा तरी पडायची. तेव्हा ते काय म्हणायचे? मला आठवतं ते 'आई गं', पण मी लहान होतो आणि सध्या मला सगळीकडे तेच ऐकू येतं. तू खरं काय ते सांग, फक्त मला एकट्याला.

ता. क. ३. पत्र बंद करण्याआधी हिला वाचून दाखवलं. उत्तरेकडच्यांपर्यंत आलो तशी ही हसायला लागली ती थांबेना. म्हणाली, मी फॉर्म केव्हाच भरून दिलाय आणि सातव्या प्रश्नाला 'उत्तरेकडचे' लिहिलंय. आई-वडील दोघेही तिकडचेच, आमच्या लग्नाआधीच गेलेले. आपली भाषा ती ज्या घरमालकिणीकडे राहायची तिच्याकडून शिकली. मी म्हटलं, एकेचाळीस वर्षांत बोलली नाहीस? तर म्हणाली, 'एकेचाळीस वर्षं रोज बोलते आहे. तुम्ही गिऱ्हाइकांचं ऐकता.' आणि तेवढी वर्षं ती बूट पलीकडच्या गल्लीतल्या दुकानातून का आणते तेही आज कळलं. मी फार दाबतो म्हणे. (तुला हे सगळं तिने लग्नातच सांगितलं होतं असंही म्हणाली. आत्या, तू मोठी खोल आहेस.) म्हणजे तुला धरूनही आपण नव्याण्णवच. हिची दुसरी ओळ रिकामी आहे. गणतीबाईला सांगून ती भरता येईल, पण हिचं म्हणणं, मला कुणीतरी आधी नीट विचारावं. मी दुपारपासून तीनदा स्वयंपाकघरात जाऊन नुसतं पाणी पिऊन आलो. चौथ्यांदा गेलो तर 'असू दे' म्हणाली, आणि पहिल्यांदाच मला ते नीट ऐकू आलं. तेव्हा तू ये, आणि तू विचार.

ता. क. ४. अगदीच नाही म्हणाली तर हाताशी असावी म्हणून तुझ्या शेजारणीलाही बरोबर आण. तिच्या पायाचा नंबर आधी कळव.