पडद्यावरचा निळा मोर

रनाळे, ता. जि. नंदुरबार
दि. १९ नोव्हेंबर २०२४

डॉ. सुरुपसिंग पाडवी यांस,

नमस्कार. पत्राच्या आरंभी कुशल विचारण्याची रीत आहे, ती पाळतो : माझी मुलगी हेमांगी हिची प्रकृती कशी आहे, ते कळवावे. आपल्या प्रकृतीविषयी मी विचारलेले नाही, हे अनवधानाने झाले असे समजू नये. इकडे कापसाची वेचणी चालू आहे आणि मजूर मिळत नाहीत. बातम्या संपल्या.

फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर माणूस बोलता बोलता सैल होतो आणि नको तिथे ‘बरं’ म्हणून बसतो. माझा पुतण्या चुनीलाल हे पत्र सकाळच्या गाडीने सुरतेला आणून आपल्या हाती देईल. ते त्याच्यासमोर वाचावे. त्याला चहा पाजण्याची आवश्यकता नाही.

विषय आपणांस ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरात कढई कलंडून माझ्या पत्नीचा, वत्सलाबाईंचा, उजवा हात उकळत्या तेलाने भाजला. नंदुरबारच्या रुग्णालयात तिसऱ्या दिवशी लेझरच्या कॅमेऱ्याने त्या हाताचे चित्र काढण्यात आले. किरण जखमेवरून फिरतो; कातडीखाली रक्त वाहते आहे तिथे पडद्यावर तांबडा रंग उमटतो, थांबले आहे तिथे निळा. तांबडे आपोआप भरून येते. निळे भरत नाही. ते खरवडून तिथे मांडीची कातडी लावावी लागते. इतके तेथील डॉक्टरांनी मला समजावले.

ते चित्र आपल्याकडे गेले ते माझ्या संमतीने नव्हे. “मन्हा जवाई याच कामना डॉक्टर शे, त्याले दखाडा,” असे वत्सलाबाईंनी परस्पर सांगितले आणि मी औषधे आणायला गेलो असताना ते पाठवले गेले. आपला अभिप्राय त्याच संध्याकाळी आला : मनगटापासून कोपरापर्यंत आणि पंजाच्या मागच्या बाजूला जखम खोल, दोन्ही ठिकाणी कातडी लावावी.

मी उभे आयुष्य महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. तेव्हा आपल्या अनुमानाची मांडणी करून पाहणे मला भाग होते. जिथे निळा, तिथे रक्तप्रवाह नाही. मनगट ते कोपर निळा आहे. म्हणून मनगट ते कोपर रक्तप्रवाह नाही. बाहेरून निर्दोष. परंतु ज्याचा हात, त्याला चित्र दाखवण्याची सभ्यता तेथील एका परिचारिकेने पाळली, आणि वत्सलाबाई पडद्याकडे पाहून तेवढ्या वेदनेतही हसल्या.

“हाऊ ते मन्हा मोर शे! मायेरना मोर! येले कशाले खरवडतस?”

मी चष्मा पुसून पाहिले. वळणदार मान, तुरा, खाली पसरलेला पिसारा. त्यांनी लग्नाआधी जत्रेत गोंदवून घेतलेला मोर तिथे निळ्या रंगात उभा होता, आणि त्याच्या भोवती सर्वत्र तांबडे होते. गोंदणाची शाई किरण गिळून टाकते. परत येणारा प्रकाश उरत नाही, आणि यंत्र त्याला रक्ताचा अभाव समजते. यंत्राचा दोष नाही. त्याचे माहेर या भागातले नाही. आपले आहे. धडगावच्या डोंगरात, आपल्या आईच्या हातांवर गोंदण पाहत वाढलेल्या माणसाने गोंदलेला मोर मेलेली कातडी म्हणून वाचावा, याला मी अज्ञान म्हणू शकत नाही. सोबत साधे छायाचित्रही पाठवले होते. त्यात मोर ठळक दिसतो. ते आपण उघडले नाही, असा निष्कर्ष मी काढला आहे. चुकीचा असल्यास खोडून काढावा.

माझ्या आग्रहावरून तेथील डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली. मोराच्या मानेवर सुई लागताच वत्सलाबाईंनी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मेलेली कातडी इतके बोलत नाही. कोपरापर्यंतची जखम खरवडण्यास माझा नकार आहे, आणि तेथील डॉक्टरही आता तो नकार योग्य मानतात.

आता पंजा. तिथे गोंदण नाही. तिथेही चित्र निळे आहे, आणि तिथे सुई लागली तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्यांदा लावली. त्या खिडकीकडे पाहत होत्या. त्यांना कळलेच नाही.

म्हणजे पंजाविषयीचे आपले अनुमान टिकते. मी ते तीन प्रकारे मोडून पाहिले. मोडत नाही.

यानंतर मी वत्सलाबाईंना समजावले, की नाशिकला उत्तम शल्यचिकित्सक आहेत, मी गाडी ठरवतो. त्यावर त्या म्हणाल्या, “मन्हा हात कापाना व्हई ते मन्हा जवाईच कापी. तुम्हीन बलावशात नही, ते हात आसाच राही.” मी म्हणालो, ज्याने मोर ओळखला नाही, त्याच्या हाती हात देणे विवेकाचे नाही. “त्यानी मन्हा हात कधी दखा?” त्या म्हणाल्या. “दारमा येऊ दिधा का तुम्हीन? तुमनं तरकशास्तर मन्हा हातवर नका चालाडा.”

नाशिकची गाडी मी ठरवली नाही.

रुग्णालयाने अपघाताचे कारण विचारले, तेव्हा मी ‘स्वयंपाक करताना’ एवढेच सांगितले. ते सत्य आहे, पुरेसे नाही. आणि अपुऱ्या आधारावर आपण निष्कर्ष काढला म्हणून आपल्याला बोल लावणाऱ्याने आधार दडवणे शोभत नाही. त्या तिखट शेव तळत होत्या. आमच्या घरात शेव कोणी खात नाही. हेमांगीला सातवा महिना लागला आहे, आणि तिला तीच हवीशी वाटते, हे त्यांना कोणाकडून तरी कळत होते. मला कळवले जात नव्हते. मी त्या दिवशी शेतातून लवकर परतलो. फाटकाचा आवाज ऐकून त्यांनी तापलेली कढई चुलीवरून उचलली आणि मागच्या दाराकडे नेऊ लागल्या.

यातून काय निष्पन्न होते, ते आपण काढाल. मी काढणार नाही. हेमांगीला मात्र हे सांगू नये.

आपण माझ्या दारात पाऊल ठेवू नये, असे मी लग्नाच्या वेळी सांगितले होते. ते मी मागे घेतलेले नाही, आणि या पत्राचा तसा अर्थ लावल्यास तो आपला आणखी एक प्रमाद ठरेल. परंतु ते वचन घराविषयी होते. रुग्णालय माझे घर नव्हे. आपण शुक्रवारी यावे. आधी हात आपल्या डोळ्यांनी पाहावा, मग पडदा. पंजाच्या शस्त्रक्रियेस माझी व वत्सलाबाईंची संमती आहे. तेथील डॉक्टरांना तसे सांगून ठेवले आहे.

शस्त्रक्रिया चालू असताना मी बाहेरच्या बाकावर असेन. बाहेर आल्यावर माझ्या पाया पडण्याचा अथवा धीर देण्याचा प्रयत्न करू नये. बोटे वाकतील की नाही, तेवढे सांगावे. उत्तर ‘नाही’ असेल, तर तेही मलाच आधी सांगावे, त्यांना नव्हे.

आपल्या रुग्णाचा पती,
उमाकांत पाटील