मोझेसचं दुखणं

प्रिय इव्हान,

फोनवर हे माझ्या तोंडून निघणार नाही, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो तुझ्या जहाजावर पाठवतेय. वाचताना जवळ कोणी नसू दे.

काल व्हॅलेरी उत्तनला घरी आली होती. ठरलेलं लग्न मोडलंस आणि कारणही सांगितलं नाहीस, म्हणून ओट्यावर बसून रडली. "त्याला दुसरी कोणी भेटली का?" एवढंच पुन्हापुन्हा विचारत होती. हाच प्रश्न मनात घेऊन मीही कितीतरी रात्री काढल्यात.

मोझेसला शुगर निघाली आणि काही वर्षांनी तो पडवीत झोपायला लागला. आत उकडतं म्हणायचा, अगदी डिसेंबरातसुद्धा. मी जवळ गेले की कूस बदलायचा. सख्ख्या भावाला असलं कुणी लिहितं का? पण लिहिते. मी त्याच्या शर्टांचा वास घेऊन बघायचे. मासळीशिवाय कशाचाच वास कधी आला नाही.

एका दुपारी जाळं सांधताना मान वर न करता तो बोलला, "सेला, दुसरी कोणी न्हाय गो. माझं शरीरच ऐकत न्हाय." शुगरच्या औषधाने पुरुषाची ताकद जाते, असं त्याला होडीवर कोणीतरी सांगितलेलं. त्याने ते औषध बंद केलं आणि काशीमीऱ्याला हायवेलगतच्या एका जडीबुटीवाल्याच्या तंबूतून ताकदीच्या बिननावाच्या गोळ्या आणून खायला लागला.

भाईंदरच्या डॉक्टरांकडे मीच त्याला ओढत नेलं. ते हसले नाहीत. म्हणाले, वाढलेली साखर नसा आणि रक्तवाहिन्या बिघडवते, पुष्कळ पुरुषांना हे होतं, यावर उपाय आहेत. पण तोच बिघाड हृदयातही असू शकतो, आधी ते तपासू. तपासलं, तेव्हा फार उशीर झाला होता. ऑपरेशनची तारीख मिळाली, पण त्या तारखेआधीच तो गेला.

मधल्या त्या थोड्या दिवसांत तो पुन्हा आत झोपायला आला होता. आमच्यात तसं काहीच झालं नाही. नुसता माझा हात धरून बोलत राहायचा. माझ्या एवढा जवळ तो लग्नाच्या पहिल्या वर्षातही नव्हता रे.

गावाला एवढंच माहीत आहे की मोझेस हार्टने गेला. त्या गोळ्यांचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. आणि रविवारी फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, भावोजी काशीमीऱ्याला कुठल्या तंबूत जायचे, एका मित्राला हवंय. म्हणजे मोझेस तुझ्याशी बोलला होता. मागच्या सुट्टीत तुलाही शुगर निघाली, ते मी विसरलेले नाही. मित्राचं नाव मी विचारत नाही, इव्हान. तंबूचा पत्ताही देणार नाही. बंदराला लागलास की आधी डॉक्टर गाठ, शुगरचं औषध सोडू नकोस. व्हॅलेरीला मी काही बोलले नाही, ते तूच सांग. ती काय म्हणेल मला ठाऊक नाही. पण मला नवरा हवा होता रे, नुसता जिवंत.

तुझीच बहीण,
सेलेस्टिन