डाव्या मुठीतलं नाव

सोमवार, २ जून

पोचले एकदाची! ट्रंक, पिशव्या, कराटेचे तीन ड्रेस आणि धाकट्या बहिणीनं बळंच कोंबलेली उशी, एवढं लटांबर दोन जिने चढवताना नाकी नऊ आले, पण खोली झकास आहे. खिडकी मोठी, पलंग कुरकुरणारा. खाली लाँड्री आहे, त्यामुळे दिवसभर इस्त्रीची ऊब आणि साबणाचा वास. मालकीणबाईंनी आल्या आल्या विचारलं, नक्की कसली स्पर्धा? मी समजावलं, काता म्हणजे ठरलेले वार आणि ठरलेले बचाव एकटीनं ओळीनं करायचे, समोर कोणी नसतं. त्यावर त्या म्हणाल्या, हवेशी भांडून बक्षीस मिळत असेल तर आमच्या ह्यांनाच पाठवते, ते रोज तेच करतात. आमचं जमणार!

इथं का आले ते लिहून ठेवते, म्हणजे कंटाळा आला की वाचता येईल. गेली तीन वर्षं मी पहिल्या फेरीतच गारद झालेय. यंदा आईनं स्वच्छ सांगितलंय की पहिली आले नाही तर परत येऊन बाबांचं शिवणाचं दुकान मी सांभाळायचं आणि धाकटीनं पुन्हा पट्टा बांधायचा. बाबा गेल्यावर धाकटीनं माझ्यासाठी खेळ सोडून दुकान धरलं, आता तिची पाळी. अगदी रास्त आहे. मी मान डोलावली खरी, पण दुकानाच्या किल्लीकडे बघितलं नाही.

गुरुवार, ५ जून

क्लास एका जुन्या गोदामात आहे. जमिनीवर निळ्या मॅट, भिंतीवर पदकंच पदकं, आणि आरसा मात्र एकही नाही. शिकवणाऱ्या बाई बुटक्या, केस बारीक कापलेले, आवाज इतका हळू की आपोआप पुढं वाकून ऐकावं लागतं. त्यांनी माझा काता दोनदा पाहिला. हात बरोबर, पाय बरोबर, वेग बरोबर, पण मेलेला आहे म्हणाल्या. तोंडावर! मला हसावं की रडावं कळेना.

इथली सगळ्यात तयार मुलगी म्हणजे एक चष्मेवाली. गेल्या वर्षीचं सुवर्णपदक तिचं. आता ती काता करत नाही, लहान मुलांना वॉर्मअप देते आणि मॅट पुसते. मी कौतुक करायला गेले तर मानच खाली घातली तिनं. शिष्ट दिसते.

शनिवार, ७ जून

आज भलतंच शिकवलं. बाई म्हणतात, समोरचं माणूस मला दिसत नाही म्हणून परीक्षकांनाही दिसत नाही. इथली पद्धत अशी की जिला खरोखर हरवायचंय तिचं नाव डाव्या तळहाताला ओठ लावून घ्यायचं, मूठ मिटायची, आणि मग वाकून काता सुरू करायचा. शेवटचा वार, ताठ बोटांनी गळ्यावरचा, सरावात नेहमी अर्ध्यावर थांबवायचा. तो पूर्ण करायचा फक्त स्पर्धेत.

आधी मी दरवर्षी मला पहिल्या फेरीतून घरी पाठवणाऱ्या परीक्षकाचं नाव घेतलं. काता ढिम्म. मग चष्मेवालीचं घेऊन पाहिलं, तसंच. बाईंनी विचारलं की भीड कुणाची बाळगतेयस. आणि कोण जाणे कसं, मी धाकटीचं नाव घेतलं.

ती दिसली. मोजायची टेप गळ्यात अडकवून समोर उभी होती. मी तिच्या बरगडीखाली ठोसा मारला, मनगट धरून पिरगाळलं, कानावर थाप दिली. थांबले तेव्हा सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या. बाई एवढंच म्हणाल्या, आला जीव.

खोलीवर येताना शरमेनं कानशिलं तापली होती. जिनं माझ्यासाठी सगळं सोडलं, तिचंच तोंड समोर यावं? पण इथं तरी कशाला खोटं लिहू? मला कायम तिलाच हरवायचं होतं. ती माझ्याहून चांगली आहे, लहानपणापासून. आणि तिनं त्याचा कधी तोरा मिरवला नाही, ते जास्त झोंबतं.

मंगळवार, १० जून

धाकटीचा फोन आला होता. खिदळत सांगत होती की शनिवारी कापड बेतताना बरगडीत अशी कळ आली की जणू कोणी ठोसा मारला, आणि आता हे एवढं काळंनिळं पडलंय. टेबलाचा कोपरा लागला असेल, असं मी म्हटलं. मग घाईनं विषय बदलला.

काता दिवसेंदिवस देखणा होतोय. आज बाईंनी बाकीच्यांना थांबवून माझा बघायला लावला.

शनिवार, १४ जून

तिचं मनगट मोडलं. कात्री धरल्या धरल्या काडकन वाजलं, असं आई सांगत होती. डॉक्टर म्हणाले, पिरगाळल्यासारखं मोडलंय. दुकान बंद ठेवलंय. आईनं विचारलं की कशी आहेस, जेवतेस ना वेळेवर. हो म्हटलं. त्याच वेळी मी इथं तिचं मनगट पिरगाळत होते, आणि बाई म्हणत होत्या, आणखी जोरात.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजपासून त्या काताचं नाव काढायचं नाही. कानाला खडा.

गुरुवार, १९ जून

मूठ न मिटता काता केला. पुन्हा मेलेला. बाई रागावल्या नाहीत, नुसतं मला मागच्या रांगेत पाठवलं. पुढं एक शेंबडी पोरगी माझ्या जागी उभी.

नाव बदलता येईल का, असं बाईंना विचारलं. नाही म्हणाल्या. स्पर्धेत काता पूर्ण झाला की मूठ आपसूक रिकामी होते. नाहीतर काता कायमचा सोडायचा, तसं केलं तरी नाव गळून पडतं. सोपं आहे, असं म्हणाल्या.

म्हणजे उद्या ट्रंक भरून घरी जायचं आणि दुकानात बसायचं, बस्स. तेवढं केलं की धाकटी सुटली. पट्टा बांधेल. जिंकेलही ती.

ट्रंक पलंगाखालून ओढून काढलीय. तशीच उघडी पडलीय.

शनिवार, २१ जून

शेण खाल्लं मी. एकदाच, हळूच, नुसता हात फिरवून बघू म्हटलं. पहिल्या पावलाबरोबर ती समोर आली, मनगटाला प्लास्टर. हळू कुठलं जमायला? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला — लिहायची लाज वाटते — मला बरं वाटलं.

संध्याकाळी आईचा फोन. धाकटीला डाव्या कानानं ऐकू येईनासं झालंय.

बुधवार, २५ जून

चष्मेवालीला गाठलं. तू कुणाचं नाव घेतलं होतंस, असं विचारलं. ती मॅट पुसत राहिली, पुसलेलीच जागा पुन्हा. मग म्हणाली, मावशीचं. मावशीनंच तिला वाढवलं. अंतिम फेरीत काता पूर्ण झाला, आणि फोन आला तेव्हा ती पदक घालून फोटोला उभी होती. मावशी चहा पिताना गेली. गळा बंद झाला, एवढंच डॉक्टरांना सांगता आलं.

आधी ठाऊक होतं का, असं मी विचारलं. तिनं फडकं खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघींनी मान खाली घातली.

सोमवार, ३० जून

रोज जाते. बरगडीचा ठोसा हळू मारते. कान टाळते. सांगते स्वतःला की टाळते.

धाकटीनं स्वतः फोन केला होता. रिसिव्हर उजव्या कानाला लावलाय, बोल, म्हणाली. अंगात बारीक ताप आहे. म्हणाली, ताई, तू जिंक गं, माझ्या हाताचं आता काही खरं नाही, पट्टा काय बांधणार मी?

मी थँक्यू म्हटलं. थँक्यू!

शुक्रवार, ४ जुलै

स्पर्धा परवा. आईला फोन लावला, सगळं सांगायचं ठरवून. आईनं उचलला. मी म्हटलं, आई, मी — आणि मग म्हटलं, ड्रेसची नाडी तुटलीय, दुसरी कुठं मिळेल?

माझ्या तोंडावर थुंकावं कोणीतरी.

रविवार, ६ जुलै, सकाळ

पहिल्या दोन फेऱ्या दुसरे काता करून काढल्या. मूठ न मिटता. निभावलं. अंतिम फेरीत आहे — मी!

अंतिम फेरीला तोच काता. बाईंनी काताचं नाव लिहून दिलंय. बदलता येतो, नोंदणीच्या टेबलाशी जाऊन सांगितलं तर. साधा काता घ्यायचा, दुसरी यायचं. आईची अट पहिलीची. म्हणजे दुकान.

टेबल इथून दिसतंय. जाते.

रविवार, नंतर

गेले नाही. पाणी प्यायले.

ती आलीय. न सांगता. पहिल्या रांगेत, आईशेजारी. हात गळ्यात बांधलेला, कानात कापूस. मला बघून उभी राहिली, धड हात हलवतेय — किती वाळलीय —

अंतिम फेरीतली दुसरी मुलगी वाकली. तिचा काता सुरू. मग मी. अजून वेळ आहे. टेबल आठ-दहा पावलांवर. सांगायचं फक्त, दुसरा काता.

बाई माझ्याकडे बघत नाहीत. चष्मेवाली बघतेय. मानेनं नको म्हणतेय. रडतेय.

सांगते. आत्ता उठते आणि —

टाळ्या. माझं नाव पुकारलं. धाकटी ओरडतेय, ताई, ताई —

डावी मूठ आपोआप मिटली.

नाही. खोटं आहे. खोडते. मीच मिट